वेळुंड्याचं उष्टं गाणं

वेळुंडे गावाच्या पश्चिमेला सपाटी एकाएकी संपते आणि कडा सुरू होतो. त्या कड्याला एके ठिकाणी वरपासून खालपर्यंत चीर गेलेली आहे. ती वेळूची नाळ. कोकणातून देशावर चढणारी जुनी वाट याच नाळेतून होती. नाळेच्या तोंडाशी दरीवर झुकलेला काळा खडक दिसतो, त्याला हाकेचा खडक म्हणतात. त्याच्या आडोशाला वाघजाईचं लहानसं देऊळ आहे.

मार्गशीर्षात इथे जत्रा भरते. ‘धुकं दाटलं नाळंला’ हे गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलंच असणार. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते वाजवतात, आर्केस्ट्रात त्याला हमखास शिट्ट्या पडतात, एका सिनेमातही ते येऊन गेलं, आणि हल्ली तर मोबाईलवर रोज कुणी ना कुणी ते नव्या चालीत म्हणत असतं. ते जन्मलं या खडकावर, असं वेळुंड्याचे लोक सांगतात. पण जत्रेत ते आधी म्हणत नाहीत. देवळातला गुरव बाहेरून आलेल्या माणसाला पुढे बोलावतो आणि विचारतो, “पाव्हणं, तुमच्याकडं कसं म्हणत्यात?” पाहुण्याला येईल तसं त्याने म्हणायचं. मग सारा गाव त्याच्यामागून तसंच म्हणतो, त्याच्या चुकांसकट. पाहुण्याचं शेवटचं कडवं संपेपर्यंत जागचं कुणी उठत नाही. याला गावात उष्टं गाणं म्हणतात.

आपलंच गाणं दुसऱ्याच्या तोंडचं उष्टं करून का म्हणायचं, असं नवख्या माणसाला वाटतंच. तो विचारतो, आणि तुळाजी गुरव देवळाच्या पायरीवर बसून सांगू लागतात.

पेशवाई उतरणीला लागली होती तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. वेळुंड्यात साळू नावाची एक बाई होती. नवरा तापाने गेला म्हणून ती तरणेपणीच माहेरी परत आली. आईबाप त्याआधीच गेलेले. घरात ती आणि तिच्या पाठचा भाऊ कुशा, अशी दोनच माणसं. कुशा बैलांच्या तांड्याबरोबर नाळ उतरून खाडीवरच्या निवडे बंदरात जायचा आणि मिठाच्या गोणी घेऊन वर यायचा. दसरा झाला की तांडे सुरू होत. पण त्या दिवसांत नाळेत धुकंही फार. दुपार झाली तरी ते हलायचं नाही, आणि बैलाचं शिंग धरून चालणाऱ्याला बैलाचं शेपूट दिसायचं नाही.

एका वर्षी असाच तांडा यायचा होता. सकाळी साळू खडकाशी येऊन उभी राहिली. खालून घुंगरं वाजल्यासारखी वाटत, मग थांबत. तांडा वाट चुकून अडकलाय हे तिला कळलं. तिने हाक दिली. पण नाळेत हाक एकदा दिली की चारही बाजूंनी ऐकू येते, माणूस उलटा फसतो. तेव्हा तिला सुचलं की हाक तोडायची नाही, लांबवत न्यायची, म्हणजे ती कुठून येते ते ऐकणाऱ्याला धरता येईल. दळताना ओव्या रचायची तिला सवय होतीच. ती गाऊ लागली:

धुकं दाटलं नाळंला, नाही दिसत पाऊल
माझ्या कुशा बंधवाची, लागू दे गं चाहूल

डाव्या अंगाला दरी रं, उजव्या अंगाला खडक
सूर माझा धर कुशा, नको सोडूस सडक

गळा बसेपर्यंत ती गात राहिली. त्या सुराला धरून तांडा एकेक बैल करत वर आला. माणसं वर आली ती तिच्या पाया पडली. पण त्यांच्यात कुशा नव्हता.

तांड्याचा नाईक खाली मान घालून म्हणाला, “साळूबाई, वळणावर मागचा बैल घसरला. कुशा त्याची वेसण धरायला वाकला. मग काय झालं ते धुक्यात कुणाला दिसलं न्हाई.”

धुकं निवळल्यावर गावकरी दरीत उतरले. बैल मरून पडलेला सापडला. कुशा सापडला नाही. कोल्ह्या-लांडग्यांनी नेला असेल, असं लोक हळू आवाजात बोलले. साळूने ते ऐकलं, पण तिने त्याचं पिंडदान करू दिलं नाही. ज्याला मेलेलं पाहिलं नाही त्याला पाणी कसं सोडायचं, असं तिचं म्हणणं.

पुढच्या पावसात दरड कोसळली आणि नाळेची खालची वाट बुजली. तांडे दुसऱ्या घाटाने दुसऱ्याच बंदराला जाऊ लागले. बंदराकडचं माणूस वेळुंड्याला येईनासं झालं. कधीतरी एखादा भिक्षेकरी, एखादा गोसावी तेवढा हातापायावर चढून येई.

गाणं मात्र त्या दिवशीच गावाबाहेर पडलं होतं. ज्यांचा जीव त्याने वाचवला ते तांडेवाले ते विसरणार कसे? ते जातील तिथे ते गाऊ लागले. एका उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या जत्रेला साळू गेली होती. तिथे तमाशाच्या फडात ढोलकी कडाडली आणि नाचणारीने पदर उडवत सुरू केलं, ‘माझ्या गुलजार सख्याची, लागू दे गं चाहूल.’ लोकांनी फेटे उडवले. साळू गर्दीत उभी होती. आपल्या भावाच्या जागी दुसराच कुणी उभा केलेला तिने पाहिला, आणि अंगावर पाल पडावी तशी ती शहारली.

घरी न जाता ती थेट वाघजाईपुढे गेली. भंडारा उचलून तिने आण घातली, “आई, हे गाणं माझ्या भावाचं हाय. त्याचं नाव काढून, बोल बदलून वेळुंड्याच्या शिवेत कुणी ते म्हणंल, तर त्याला ह्या गावचं पाणी न्हाई. माझा भाऊ गेला तसं गाणं मी जाऊ द्यायची न्हाई.”

गावाने तिचा मान ठेवला. तिच्या गाण्यामुळे तांडा वाचला होता, गावात त्या तांड्यातल्या माणसांची घरं होती. त्या दिवसापासून वेशीवर कुणी गात आला की त्याला थांबवत. “नाळेचं गाणं म्हणणार असशील तर मूळचं म्हण, न्हाईतर वाटंला लाग,” असं सांगत. मूळचं तर कुणालाच येत नसे. ते बिचारे पाणीसुद्धा न पिता मागे फिरत.

बरीच वर्षं गेली. साळूचे केस पिकले. रोज सकाळी ती खडकावर जाऊन दोन कडवी म्हणे, जशीच्या तशी.

मग एके दिवशी नाळेतून भैरू नावाचा एक किंगरीवाला गोसावी वर आला. वेशीशी बसून त्याने किंगरीची तार जुळवली आणि गाऊ लागला, ‘माझ्या किसना बंधवाची, लागू दे गं चाहूल.’ लोक धावले. साळूही आली. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

“बाबा, कुशा हाय ते. किसना न्हाई.”

भैरू हसला. “बाई, कुशा कोन मला काय ठावं? आमी देवाचं नाव घेतो.”

“मग दुसऱ्या गावात घ्या,” साळू म्हणाली. “हितं न्हाई.”

“पुढचं कडवं तरी ऐका. दुसऱ्या कुणाला येत न्हाई ते.”

“न्हाई ऐकायचं.”

भैरूने किंगरी झोळीत घातली. त्याने वाद केला नाही. वाटेत शिवेबाहेरच्या ओढ्याला तो पाणी प्याला, सावलीत टेकला, आणि कुणी ऐकत नाही असं समजून अडवलेलं गाणं त्याने पुरं केलं. गाणाऱ्याला अर्धं गाणं पोटात ठेवून चालवत नाही. पण ओढ्याच्या वरच्या अंगाला वेळुंड्याची गजरा नावाची बाई धुणं धूत होती.

दुसऱ्या दिवशी साळू गजराच्या दारावरून चालली होती. आत गजरा दळत होती आणि दळता दळता नकळत तिच्या तोंडून निघत होतं:

लोणी खाल्लं किसनानं, बहिणीच्या पाठी वळ
आता किसना बसून हाय, पाया राहिलं न्हाई बळ

साळू दारात थांबली. गजराने तिला पाहिलं आणि जात्याचा खुंटा सोडला. आण मोडल्याची भीती तिच्या तोंडावर दिसत होती.

“भुललं, साळूआक्का. त्या गोसाव्याचं तोंडात बसलं.”

साळू म्हणाली, “पुन्हा म्हण.”

गजराने पुन्हा म्हटलं. साळूने उंबऱ्यावर हात टेकला आणि खाली बसली. कृष्णाने लोणी खाल्लं हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्यापायी बहिणीच्या पाठीवर वळ उठले, ही गोष्ट कुठल्या पोथीत आहे? ती पोथीतली नव्हतीच. ती साळूच्या घरातली होती. कुशा लहान असताना त्याने वाघजाईचा नैवेद्य देवीला दाखवण्याआधीच चोरून खाल्ला होता. बाप कासऱ्याने मारायला उठला तेव्हा साळू पुढे झाली आणि म्हणाली, मी खाल्ला. वळ तिच्या पाठीवर उठले. ही गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. बाप तसाच मेला, आईलाही कळलं नाही.

मग हे गोसाव्याला सांगितलं कुणी?

कुशाशिवाय ते कुणाला ठाऊकच नव्हतं. भाऊ मेला नव्हता. आणि त्याचा निरोप घेऊन आलेल्या माणसाला तिने काल पाण्याविना हाकललं होतं. काल एक. त्याच्या आधी कितीजण? वेशीवरून परतवलेल्या माणसांचे चेहरे ती आठवू लागली, आणि तिला एकही धड आठवेना. त्यांच्या गाण्याची पहिली ओळ कानावर पडताच तिने हात वर केलेला असे.

ती उठली. घराला कडी घातली, फडक्यात भाकरी बांधली आणि बुजलेल्या नाळेतून, जिथे बकऱ्याच उतरत तिथून, खाली उतरली.

भैरू तिला चौथ्या-पाचव्या गावात सापडला, म्हणे. तिने आधी त्याच्या पायांना हात लावला. मग विचारलं, “हे कडवं कुणाकडनं घेतलंस?”

“एका म्हातारीकडनं. ती नातवंडाला निजवताना म्हणायची. तिच्या बोलात किसना नव्हता, तो माझा.”

साळू त्या म्हातारीकडे गेली. म्हातारी पाळण्यातल्या पोराला म्हणत होती, ‘झोप दाटली डोळ्याला, वाजवू नका पाऊल, माझ्या तान्ह्या बाळाला गं, लागू नये चाहूल.’ चाहूल लागू दे म्हणून साळूने जे रचलं, ते इथे चाहूल लागू नये म्हणून गायलं जात होतं. तिला राग यायला हवा होता. पण बाळ झोपलं, आणि साळूही भिंतीला टेकून तिथेच झोपली. कैक वर्षांत ती इतकी शांत झोपली नव्हती, असं सांगतात.

म्हातारीने गाणं एका मोटकऱ्याकडून घेतलं होतं. मोट ओढणाऱ्या बैलांमागे तो म्हणे, ‘पाणी दाटलं पाटाला.’ त्याला वळाचं कडवं आता अर्धंच येत होतं, अर्थ लागत नाही म्हणून म्हातारीला दिल्यावर त्याने उरलेलं सोडून दिलं होतं. त्याला ते दिलं भात झोडणाऱ्या बायकांनी. त्यांना दिलं एका होडीवाल्याने. प्रत्येक ठिकाणी साळू दाराशी बसायची आणि म्हणायची, “तुमच्याकडं कसं म्हणत्यात, तसं म्हणा. सगळं म्हणा.” कुणी नाव बदललेलं असे, कुणी चाल. कुठे कुशाचा बैल झाला होता, कुठे पाऊस. एका गावात तर नवऱ्याला शिव्या घालायला बायका तेच गाणं म्हणत, आणि साळूला हसू आवरलं नाही. पण कुठेतरी एखादा शब्द मात्र कुणाच्या हाती न लागता तसाच राहिलेला असे. कुठे ‘वळ’, कुठे ‘निवद’, कुठे ‘आक्का’. त्या शब्दांच्या खुणेने ती खाली खाली गेली आणि निवडे बंदरात पोचली.

बंदराच्या धक्क्यामागे बैलांची खोगिरं शिवणाऱ्यांची एक ओळ होती. शेवटच्या छपराखाली एक माणूस तरटावर बसला होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, दुसरा वाळला होता. मान खाली घालून दाभणाने तो खोगीर शिवत होता आणि गुणगुणत होता.

साळूने त्याला ओळखलं. ती समोर बसली. नाव घ्यायला तिने तोंड उघडलं. पण जे तिला रोज येत होतं तेच आलं. ती हलकेच म्हणाली, ‘धुकं दाटलं नाळंला, नाही दिसत पाऊल, माझ्या कुशा बंधवाची…’

त्या माणसाने मान वर केली नाही. दाभण ओढत तो म्हणाला, “बाई, तिथं चुकतंय तुमचं. कुशा न्हाई म्हणायचं. ‘माझ्या साळू आक्काची’ असं हाय ते. मुळात तसंच हाय. येनाऱ्या-जानाऱ्याला मी ते शिकवत असतो, पन लोक बदलत्यात.”

ज्या गाण्याचा एक शब्द बदलला म्हणून साळूने माणसांचं पाणी तोडलं होतं, ते गाणं तिला कुणीतरी चूक म्हणून सुधारून देत होतं. ती म्हणाली, “बरं. तसं म्हणते.” आणि खडकावर म्हणायची तसा सूर लांबवत तिने म्हटलं:

माझ्या साळू आक्काची, लागू दे गं चाहूल

आपलंच नाव, भावाच्या बोलात. अर्ध्या ओळीवर कुशाचं दाभण थांबलं. तो सूर त्याने धुक्यात, दरीच्या कडेला ऐकला होता. त्याने मान वर करून बघितलं. पिकल्या केसांची, पाय फुटलेली एक बाई समोर बसून रडत गात होती.

“आक्का,” तो म्हणाला, “लई उशीर केलास.”

“हां,” साळू म्हणाली. “माझ्यामुळंच झाला.”

झालं होतं ते असं. दरीत पडलेल्या कुशाला रानातल्या लाकूडतोड्यांनी उचललं आणि औषधपाण्यासाठी खाली बंदरावर पोचवलं. कित्येक महिन्यांनी ताप उतरून तो भानावर आला तोवर पाय गेला होता, आणि पुढे वाटही गेली. वर जाणारा माणूस भेटेना. निरोप दिला तर लोक दोन गावांत विसरत. पण गाणं विसरत नाहीत, हे त्याला तिथे बसून कळलं. तांडेवाल्यांनी बाहेर नेलेलं आपल्या आक्काचं गाणं तोंडोतोंडी फिरत बंदरात आलेलं त्याने ऐकलं, त्यात आपल्या नावाच्या जागी आक्काचं नाव घातलं, आणि त्याच्या शेवटी आपलं कडवं जोडलं:

खाल्ला निवद मी चोरून, आक्का, तुझ्या पाठी वळ
त्याच वळाची आण तुला, पाया राहिलं न्हाई बळ

पाय नाहीत, मी येऊ शकत नाही, तू ये. एवढाच त्याचा अर्थ. भेटेल त्याला तो ते शिकवी. कधीतरी वर पोचेल, या भरवशावर त्याने इतकी वर्षं खोगिरं शिवली.

डोलीत घालून साळूने त्याला लांबच्या घाटाने वर आणलं. वेशीवर गाव जमला. ती आधी घरी गेली नाही, देवळात गेली आणि गुरवाला म्हणाली, “माझी आण उतरून घे.”

गुरव अडला. “साळूबाई, गाणं तुझं, आण तुझी. तू जपलंस म्हणून ते शुद्ध राहिलं.”

“शुद्ध राहिलं, आन भाऊ बंदरावर राहिला,” साळू म्हणाली. “ज्यांनी ते बाटवलं म्हनता, त्यांच्याच तोंडनं तो मला सापडला. आता ह्या गावानं त्यांचं उष्टं खायचं. येईल त्याला आधी म्हणू द्यायचं. आन शेवटचं कडवं झाल्याबिगर कुणाला थांबवायचं न्हाई.”

तेव्हापासून ही रीत पडली, असं सांगतात. कुशा पुढे किती जगला, साळू कधी गेली, याविषयी गावात एकमत नाही. मूळ गाण्यात कुशा की साळू, यावरही नाही. निम्मे लोक एक नाव घेतात, निम्मे दुसरं. शहरातून गाण्यांचा अभ्यास करणारी माणसं येतात आणि मूळ शब्द कोणते म्हणून विचारतात. तुळाजी त्यांना म्हणतात, “आधी तुम्ही म्हणा, तुमच्याकडं कसं हाय ते.”

आजही मार्गशीर्षात हाकेच्या खडकासमोर सतरंज्या पडतात. आर्केस्ट्रावाले येतात, भजनी मंडळं येतात, कॉलेजची पोरं गिटार घेऊन येतात. ज्याला जसं येतं तसं तो म्हणतो आणि गाव मागून म्हणतो. सगळ्यांत पुढची सतरंजी मात्र मोकळी ठेवलेली असते. तिथे ज्यांचं माणूस घरातून गेलं आणि परतलं नाही, अशी माणसं येऊन बसतात. कुणाचा मुलगा बोटीवर गेलेला असतो, कुणाची बहीण शहरात हरवलेली असते. लांबलांबच्या गावांहून ती येतात. ती टाळ्या वाजवत नाहीत, मागून म्हणतही नाहीत, नुसती ऐकतात. गाणं संपतं, गाणारा वाद्य पिशवीत घालू लागतो, लोक पांगतात. तेव्हा त्यांच्यातलं कुणीतरी उठून त्याच्याजवळ जातं आणि हळूच विचारतं, “ह्याच्या पुढं आणखी एखादं कडवं हाय का?”